रोजगार मेळाव्यात कंपनीवाल्यांना नेमकं काय विचारायचं?

गोदाकाठचा_पक्या | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. लई दिवसांपासून वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नांदेडचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, ६८ टक्के. सहा महिने घरीच आहे म्हणजे अगदी बसून नाही, मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात जातो. मागच्या महिन्यात इथं रोजगार मेळावा झाला, सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी केली, सकाळी आठलाच जाऊन लाइनीत उभारलो, रिझ्युमेच्या ११ झेरॉक्स नेल्या होत्या त्या ११ टेबलांवर देऊन आलो. मिळालं काय तर दोन पेनं, एक कापडी पिशवी आणि उपमा. फोन एकाचाबी नाही.

आता खरं सांगतो. प्रत्येक टेबलावर मी एकच वाक्य बोललो, "सर व्हेकन्सी आहे का?" ते म्हणायचे आहे, रिझ्युमे ठेवा. मी ठेवायचो. एका मॅडमनी तर स्वतःहून विचारलं की तुला काही विचारायचंय का, तर माझं तोंडच उघडंना, नाही मॅडम म्हणून सटकलो. माझ्या मागचं पोरगं तिथंच दहा मिनिटं बोलत होतं, काय बोलत होतं काय माहीत.

आता दोन आठवड्यांनी छत्रपती संभाजीनगरला मेळावा आहे, वाळूज शेंद्र्याच्या कंपन्या येणारेत म्हणे. यूट्यूबवर बघितलं तर सगळे सांगायलेत की "तुमच्या कंपनीचं व्हिजन काय आहे" असं विचारा. टेबलावर घामाघूम बसलेल्या माणसाला मी व्हिजन विचारलं तर तो मला काय म्हणंल?

कुणी तिकडच्या बाजूला बसलेलं असंल तर सांगा प्लीज.

---

खवचट_खविस | सोमवार, रात्री ९:५८

उपमा मिळाला ना? मग मेळावा यशस्वी. आमच्या वेळी नुसता पार्ले बिस्कीटचा पुडा द्यायचे आणि पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत उठू द्यायचे नाहीत.

बाकी व्हिजन जरूर विचार. त्या माणसालाही कळू दे की आपल्या कंपनीला व्हिजन असतं.

---

सीएनसी_दादा | सोमवार, रात्री १०:२०

पक्या भावा, मी भोसरीत १४ वर्षं काढली, आयटीआय टर्नर, ऑपरेटर म्हणून लागलो आज सेटर आहे. मला कुणी सांगणारं नव्हतं म्हणून तुला सांगतो. पयला प्रश्न एकच. पेरोल कुणाचा?

बॅनर मोठ्या कंपनीचं असतंय, खुर्चीवर बसलेला माणूस काँट्रॅक्टरचा असतोय. तू समजतोस आपण कंपनीत लागलो, गावाकडं पेढे वाटून झालेले असत्यात, आन पहिल्या महिन्याला स्लिपवर भलतंच नाव, अमुक एंटरप्रायझेस नायतर तमुक मॅनपॉवर. माझं असंच झालं. सात महिन्यांनी ब्रेक दिला, परत घेतलं, परत ब्रेक. पाच वर्षं झाली तरी कागदावर मी नवाच.

तर सरळ विचारायचं, "सर, ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर येणार आणि पीएफ कुणाच्या कोडवर भरणार?" नुसतं "कंपनी रोल आहे का" विचारलंस तर हो म्हणत्यात, हो म्हणायला काय जातंय. लेटरहेड म्हणलं की माणूस अडकतो.

काँट्रॅक्ट म्हणजे वाईटच असं न्हाई हां. कुठूनतरी सुरुवात करायचीच हाय. पण माहीत असून जायचं.

---

वाळूजकर | सोमवार, रात्री ११:३५

मी बसलेलो आहे त्या बाजूला, आठ वर्षं. ऑटो कंपोनंटच्या कंपनीत एचआरला आहे, वाळूजमध्ये, नाव सांगत नाही. वर्षातनं चार-पाच मेळावे होतात, त्यामुळे थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे समजून घे की टेबलामागे दोन माणसं असतात आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत समोर दोन-अडीचशे रिझ्युमेंचा गठ्ठा झालेला असतो. सगळे सारखेच. ऑब्जेक्टिव्हसुद्धा सगळ्यांचं एकच, त्याच सायबर कॅफेवाल्यानं टाइप केलेलं असतं. आम्ही काय करतो तर जो काहीतरी बोलला त्याच्या रिझ्युमेच्या कोपऱ्यात पेनानं दोन शब्द लिहितो. "सीएमएम विचारलं." "ड्रॉइंग येतं." "वेल्डिंग - मामा." संध्याकाळी ऑफिसला गेल्यावर आधी ते कोपरे बघतो आणि मग बाकीचा गठ्ठा, वेळ उरला तर. बहुतेक वेळा उरत नाही. तुझ्या ११ झेरॉक्सचं काय झालं असेल ते कळलं असेल.

म्हणजे प्रश्न विचारायचा तो माहिती मिळवायला तर खराच, पण त्या कोपऱ्यात दोन शब्द पडावेत म्हणूनही.

आता कुठला प्रश्न चांगला? ज्याचं उत्तर मला विचार करून द्यावं लागतं पण देता येतं, तो. व्हिजनचं उत्तर मला देता येत नाही, ते रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय. दोनेक वर्षांपूर्वी एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, मागच्या वर्षी तुम्ही डिप्लोमाची जी पोरं घेतली ती आज कुठल्या कुठल्या डिपार्टमेंटला आहेत?" मला उत्तर येईना! १२ घेतली होती एवढं आठवत होतं. मी तिथूनच प्लँटला फोन लावला, तर पाच जण होते, त्यातले तीन क्वालिटीत, सात सोडून गेले. मी तिला तसंच सांगितलं. मग ती म्हणाली, "सात जण का गेले?" आता बोला. पण त्या दिवशी सगळ्यात आधी फोन मी तिलाच केला.

तू मेकॅनिकलचा आहेस तर मशीनबद्दल विचार. तुमच्याकडे व्हीएमसी आहेत की एचएमसी (उभी का आडवी मशीनिंग सेंटर), कंट्रोलर फानुक का सिमेन्स, नवीन पोराला आधी इन्स्पेक्शनला टाकता की डायरेक्ट लाइनवर, सेटिंग किती दिवसांनी शिकायला मिळतं. हे विचारणारा शंभरात एक असतो. मात्र जेवढं कळतं तेवढंच विचार. एकानं मला आयएटीएफ १६९४९ (ऑटो कंपन्यांचं क्वालिटी स्टँडर्ड) बद्दल विचारलं, मी उलट विचारलं ते काय असतं रे, तर म्हणाला वेबसाइटवर वाचलं. हसू आलं, पण वेबसाइट तरी वाचली होती म्हणून त्याच्याही कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

पगाराचं उद्या लिहितो, तो वेगळाच विषय आहे.

---

गोदाकाठचा_पक्या | मंगळवार, सकाळी ७:१०

सर तुमचे लई उपकार. रात्री दोनदा वाचलं. "वेल्डिंग - मामा" वाचून आमचे मामा जाम हसायलेत.

एक शंका, फानुक सिमेन्स आम्हाला लॅबला होतं पण एकच मशीन आणि ते पण बंद. मग विचारलं आन त्यांनी मलाच उलट विचारलं तर?

---

वाळूजकर | मंगळवार, सकाळी ८:०५

तर सांगायचं की लॅबला एकच होतं आणि बंद होतं. डिप्लोमाच्या किती लॅबमध्ये मशीन चालू असतं हे आम्हाला माहीत नाही असं वाटतं का तुला?

---

सुमन_नाशिक | मंगळवार, दुपारी २:१५

माझ्या लेकीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, सातपूरला लागली आता दोन वर्षं झाली. मुलींच्या बाजूनं लिहिते, कारण इथे अजून कोणी लिहिलं नाही.

वाळूजकर म्हणतात आधी मशीनचं विचारा. आमच्याकडे पहिला प्रश्न बसचा असतो, त्याला इलाज नाही. आणि "बस आहे का" असं विचारायचंच नाही, सगळे आहे म्हणतात. बस कुठपर्यंत येते, दारापर्यंत की नाक्यापर्यंत, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर पण येते का ते विचारायचं. आम्हाला एका ठिकाणी आहे सांगितलं होतं, निघालं काय तर बस फक्त फर्स्ट शिफ्टला. रात्री साडेअकराला पोरगी गेटबाहेर रिक्षा शोधत उभी. ह्यांनी पंधरा दिवस स्कूटर काढली आणि मग सोडायला लावली ती नोकरी.

रात्रपाळीला बाईची संमती लागते आणि ने-आण कंपनीनं करायची असते, हे टेबलावरच्या मुलाला माहीतच नव्हतं हो, तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं ते. मीच सांगितलं.

अजून एक. "शॉपफ्लोअरवर किती मुली आहेत?" ऑफिसात नाही, फ्लोअरवर. दोन-तीन म्हणाले तर पुढचा प्रश्न, चेंजिंग रूम वेगळी आहे का. लाजायचं नाही ह्याला.

---

वाळूजकर | मंगळवार, रात्री १०:५०

सुमनताई, बरोबर आहे तुमचं. माझा "आधी काम मग बाकीचं" हा क्रम पोरांच्या हिशोबानं होता हे आत्ता लक्षात आलं.

आता पगार. "सॅलरी किती" विचारलं की आम्ही सीटीसी (कंपनीला तुझ्यापायी पडणारा एकूण खर्च) सांगतो, कारण तो आकडा मोठा असतो, ह्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळेच करतात. तू विचारायचं की हातात किती येतील. आणि अडखळला माणूस तर स्वतः मांडायचं.

समज त्यांनी सांगितलं महिना २०,००० सीटीसी. त्यात बेसिक धर १३,०००. कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५६० ह्यातच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीच्या नावानं ४.८१ टक्के, ६२५. ईएसआय म्हणजे कामगार विम्याचा कंपनीचा वाटा ३.२५ टक्के, साधारण ५६१. हे गेले की ग्रॉस उरला १७,२५४. आता त्यातून तुझा पीएफ १,५६०, तुझा ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १३०, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात आले १५,३६४. कँटीन आणि बसचे कापत असतील तर अजून कमी. काही जण बोनससुद्धा सीटीसीत घालतात, दिवाळीला मिळणारे पैसे दर महिन्याच्या आकड्यात दाखवायचे, मग हातात येणारं अजून खाली.

पीएफ बुडीत नाही, तुझेच पैसे आहेत, दोन्ही वाटे. पण खोलीचं भाडं पीएफमधून देता येत नाही. म्हणून १५ च्या हिशोबानं घराबाहेर पडायचं, २० च्या नाही.

आणि बायकांना महाराष्ट्रात २५,००० पगारापर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, तरी कापलेला मी पाहिलाय. तेवढं बघून घ्या.

---

खवचट_खविस | मंगळवार, रात्री ११:१५

हे सगळं छान आहे हो. पण जरा जमिनीवर या. समोर दोनशेची लाइन, मागचा ढकलतोय, आणि हा तिथे उभा राहून पीएफचा कोड विचारणार. "पुढे चला" म्हणतील. प्रश्न विचारणारा पोरगा म्हणजे उद्या युनियन करणारा पोरगा, असं एचआरच्या डोक्यात असतं, वाळूजकर मान्य करोत न करोत.

---

सीएनसी_दादा | मंगळवार, रात्री ११:३२

खविस बोलतोय त्यात तथ्य हाय. मला एका ठिकाणी असंच हाकललंय. ओटी, म्हंजे ओव्हरटाइम, सिंगल का डबल एवढंच विचारलं होतं, कायद्यानं डबल हाय म्हणून विचारलं, तर म्हणला "आधी काम तर कर." गेलो तिथून. नंतर कळलं तिथं ओटी सिंगलनंच देत्यात. म्हणजे उत्तर मिळालंच की राव.

---

वाळूजकर | बुधवार, सकाळी ८:४०

मान्य करतो. अर्धं. असे लोक आहेत आमच्यात. पण खविस, "युनियन करणारा" असं वाटतं ते प्रश्नामुळे नाही, कुठे आणि कसा विचारला त्यामुळे. माझ्या टेबलावर पहिलंच वाक्य "पीएफ देता का?" असं आलं तर मी सावरून बसतो, खोटं कशाला बोलू. तेच दोन मिनिटं कामाचं बोलून झाल्यावर "सर एक शेवटचं, हातात साधारण किती येतील म्हणजे रूमचं बघता येईल" असं विचारलं तर मी पगाराचा सगळा हिशोबच सांगून टाकतो. माणूस आहे शेवटी मी पण.

ज्याला टेबलावर विचारायला जमत नाही त्यानं कार्ड घ्यावं, नंबर घ्यावा, फोनवर विचारावं. पण जॉइन व्हायच्या आधी विचारावं. नंतर विचारणाऱ्याला काहीच मिळत नाही, माझ्याकडूनसुद्धा.

---

डॅलसची_कोथरूडकर | बुधवार, सकाळी ९:२०

इकडे टेक्सासमध्ये मास्टर्स करतेय, युनिव्हर्सिटीचा करिअर फेअर गेल्याच आठवड्यात झाला. कोट घालून रांगेत उभे असतो आम्ही सगळे देसी, पण गंमत म्हणजे प्रश्न तोच, फक्त "पेरोल कुणाचा"च्या जागी "व्हिसा स्पॉन्सर करता का". आणि तो पहिल्याच वाक्यात विचारला की समोरच्याचा चेहरा पडतो, खवचट म्हणतात तसाच. मी पहिल्या फेअरला आठ ठिकाणी तेच केलं, आठही ठिकाणी "वेबसाइटवर अप्लाय करा".

मग एका सीनियरनं सांगितलं की स्पॉन्सरशिप नंतर, आधी विचार ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी ऑनलाइन तपासायची सरकारी यंत्रणा) आहात का. कारण ओपीटी (शिक्षणानंतर इथे काम करायची परवानगी) १२ महिन्यांचा, स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताची डिग्री असेल तर वर आणखी २४ महिने, पण ते २४ मिळायला कंपनी ई-व्हेरिफायमध्ये लागते. ह्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, कोणी दचकत नाही. टेबलावरच्या माणसाला स्पॉन्सरशिपचा निर्णय घेता येतच नाही मुळी, तो लीगल टीमचा असतो, म्हणून तो टाळतो.

म्हणजे समोरच्याला ज्याचं उत्तर माहीत असतं तेच विचारावं हे इथंही.

---

निवृत्त_नोंदणी_लिपिक | बुधवार, दुपारी १२:०५

मी जिल्हा रोजगार कार्यालयातून निवृत्त झालो. आता त्याचे नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे लांबलचक आहे. आमच्या वेळी सगळे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच म्हणत. पोरे कार्ड काढायला पहाटेपासून रांग लावीत, आणि मग कॉल येण्याची वाट बघण्यात वर्षे जात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. मेळाव्याच्या फलकावर जो रिक्त पदांचा आकडा असतो, तो आस्थापनांनी कळवलेला आकडा असतो. कळवणे वेगळे आणि भरणे वेगळे. १९५९ च्या कायद्यात २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा कळवायच्या होत्या, त्या आमच्याकडूनच भरल्या पाहिजेत असे बंधन त्यात नव्हते. आमच्या रजिस्टरला जागा शंभर दिसत आणि प्रत्यक्षात मुलाखतीला बोलावणे आठ जणांना येई.

तेव्हा मुलांनी टेबलावर विचारावे, "ही जागा आज रिकामी आहे की पुढे होणार आहे? रुजू कधी व्हायचे?" तारीख सांगितली तर जागा आहे. "कळवू" म्हणाले तर पुढच्या टेबलाकडे जावे, पण रिझ्युमे ठेवून जावे.

आणि शासनाचा मेळावा विनामूल्य असतो. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, प्रशिक्षण शुल्क असे कोणी मागितले तर तिथेच संयोजकांच्या टेबलावर जाऊन सांगावे. मूळ गुणपत्रिका कोणाच्या हाती देऊन येऊ नये, दाखवावी आणि परत घ्यावी.

---

सीएनसी_दादा | बुधवार, रात्री ९:०८

काकांनी लाख मोलाचं सांगितलं. एक राह्यलं पक्या, तू डिप्लोमावाला हायस तर "ट्रेनी" शब्दाला फसू नको. ट्रेनी म्हंजे चार प्रकार असत्यात. अॅप्रेंटिस वेगळा, कंपनीचा ट्रेनी वेगळा, काँट्रॅक्टरचा ट्रेनी वेगळा, आन आता ती मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण निघालीय २०२४ ला तिचं वेगळंच.

---

वाळूजकर | बुधवार, रात्री १०:३०

हो, हे महत्त्वाचं. कार्यप्रशिक्षणात डिप्लोमा-आयटीआयला महिना ८,००० ठरलेत, बारावीला ६,००० आणि पदवीला १०,०००, ते सरकार देतं आणि ती नोकरी नव्हे, मुदत संपली की संपलं. अॅप्रेंटिस १९६१ च्या कायद्याखाली, डिप्लोमाचं नॅट्सच्या (सरकारी अॅप्रेंटिस योजनेच्या) पोर्टलवर काँट्रॅक्ट होतं, वर्षाचं, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. स्टायपेंड असतो, पीएफ नसतो. म्हणून कोणी "अॅप्रेंटिस" म्हणालं तर विचार, "नॅट्सवर काँट्रॅक्ट नंबर मिळणार का?" नुसतंच तोंडी अॅप्रेंटिस असेल तर वर्षाअखेरी हातात काही राहत नाही.

आणि खरा प्रश्न पुढे आहे, "मागच्या बॅचचे किती जण तुम्ही ठेवून घेतले?" ह्याला आकडा आला पाहिजे. "परफॉर्मन्सवर असतं" हे उत्तर नाही, ते मी पण देतो जेव्हा आकडा सांगण्यासारखा नसतो.

घरी बसून करण्यासारखं एक काम. मेळाव्याच्या कंपन्यांची यादी आधी येते बहुतेक. ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, तिथे कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचा पीएफ भरला आणि किती जणांचा ते दिसतं. टेबलावर सांगतात आमच्याकडे आठशे लोक, तिथे दिसतात ९०. म्हणजे बाकीचे काँट्रॅक्टवर. हे बघून गेलास तर निम्मे प्रश्न तुला विचारावेच लागणार नाहीत.

---

खवचट_खविस | बुधवार, रात्री १०:४४

हे मात्र मला माहीत नव्हतं. आमचीच कंपनी टाकून बघितली. झोप उडाली.

---

संपादक | गुरुवार, सकाळी १०:००

राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. मेळावा कोणत्या सरकारच्या काळात चांगला व्हायचा ह्यासाठी वेगळा धागा काढावा.

---

गोदाकाठचा_पक्या | सतरा दिवसांनी, रविवार, रात्री ८:२५

मंडळी, जाऊन आलो. सगळं सांगतो, लांबलं तर माफ करा.

रात्रीच्या गाडीनं गेलो, पहाटे उतरलो, स्टेशनवरच तोंड धुतलं. यादीतल्या ३० कंपन्या ईपीएफओवर बघून ठेवल्या होत्या आणि त्यातल्या सहा काढल्या होत्या. सहाच. मामांनी वहीवर लिहून दिलं, "सहा म्हणजे सहा, पिशव्या गोळा करत फिरू नको."

पहिल्या टेबलावर बॅनर मोठं, मी विचारलं ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर. तो म्हणाला आपली एजन्सी आहे, कंपनी कुठली ते सिलेक्शन झाल्यावर सांगतो. मी थँक्यू म्हणलो. दादा तुमची आठवण आली.

दुसऱ्या टेबलावर माझी वाट लागली. मी फानुक का सिमेन्स विचारलं, ते म्हणाले आमच्याकडं मशीनिंगच नाही, प्रेसशॉप आहे, पत्रा डायमध्ये म्हणजे साच्यात दाबून पार्ट काढतात. म्हणजे मी कंपनीचं नाव बघितलं, पीएफ बघितला, आन कंपनी करती काय तेच बघितलं नाही. कान गरम झाले. पण ते हसले आणि म्हणाले प्रेसशॉपचं विचार मग. मी म्हणलो डाय बदलायला किती वेळ लागतो. हे आपलं मामाच्या दुकानातलं डोकं, कुठलंबी सेटिंग बदलायला वेळ जातो एवढं माहीत. तर ते सरसावून बसले! एचआर नव्हतेच ते, टूलरूमचे (जिथं डाय बनवतात, दुरुस्त करतात) इंजिनिअर होते, एचआर जेवायला गेले होते. १५ मिनिटं बोलले. मागं लाइन ओरडायली. त्यांनी कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, मी उलट्या बाजूनं वाचलं, "वेल्डर हात आहे". वाळूजकर सर, खरंच लिहितात हो!

तिसऱ्या ठिकाणी मागच्या बॅचचं विचारलं तर बाई वैतागल्या, म्हणाल्या तू इंटरव्ह्यू घ्यायलास का माझा. मी सॉरी म्हणलो. चौथ्या ठिकाणी तोच प्रश्न विचारला, "२० पैकी ६" असं चटकन सांगितलं त्यांनी. कमीच आहेत, पण सांगितले तर. पाचव्या ठिकाणी एक जण म्हणाला ट्रेनिंगचे तीन हजार भरायचे, आधी वाटलं वाद घालावा पण काकांनी सांगितल्याप्रमाणं संयोजकांच्या टेबलावर जाऊन सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पुढं काय झालं माहीत नाही. सहाव्या टेबलावर माणूसच नव्हता, नुसतं बॅनर होतं.

आता मेन गोष्ट. प्रेसशॉपवाल्यांचा काल फोन आला, मंगळवारी अकराला वाळूजला बोलवलंय. आनंदात हो सर हो सर करत फोन ठेवला, आन मग लक्षात आलं, पेरोलचं विचारायचंच राहिलं. ज्या टेबलावर मन रमलं तिथंच विसरलो. आज परत लावला, रविवार असून उचलला त्यांनी. म्हणाले पहिलं वर्ष काँट्रॅक्टरच्या रोलवर, नंतर टेस्ट घेऊन कंपनीत घेतात, गेल्या वर्षी टूलरूममधी चार होते त्यातले तीन घेतले. हातात १४ च्या आसपास.

घरी दोन पार्ट्या पडल्यात. आई म्हणायली जा, पप्पा म्हणायलेत काँट्रॅक्टवर कशाला, थांब अजून.

---

सीएनसी_दादा | रविवार, रात्री ८:५०

टूलरूम म्हणला ना? जा. प्रेसवर पार्ट उचलायचं काम असतं तर थांब म्हणलो असतो. टूलरूममधलं काम हातात राहतंय, काँट्रॅक्टर बदलला तरी. फकस्त जाताना विचार, एक वर्ष टूलरूमलाच ठेवणार का, का माणूस कमी पडला की प्रेसवर उभा करणार. आन स्लिप दर महिन्याला माग, युएएन, म्हंजे पीएफचा कायमचा नंबर, पहिल्याच महिन्यात घे.

---

सुमन_नाशिक | रविवार, रात्री ९:०५

त्या तिसऱ्या टेबलावरच्या बाईंचं मनावर घेऊ नकोस बाळा. सकाळपासून बसलेल्या असतील.

१४ त राहणं-खाणं जमेल का पण तिकडे? आईला म्हणावं पहिले दोन महिने घरून थोडे पाठवावे लागतील, मोकळेपणानं बोलून घ्या आत्ताच.

---

वाळूजकर | रविवार, रात्री ९:४०

"डाय बदलायला किती वेळ लागतो." अरे हा प्रश्न माझ्या प्लँट हेडनं परवा मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारला आणि कोणाला धड सांगता आलं नाही.

चारातले तीन हे बरं उत्तर आहे, आणि रविवारी फोन उचलणारा माणूस त्याहून बरा. पप्पांना माझ्यातर्फे एवढंच विचार की थांबायचं म्हणजे नेमकं कशासाठी थांबायचं, दुसरं काही हातात आहे का. असेल तर थांब, नाहीतर मंगळवारी जाऊन तर ये. इंटरव्ह्यू म्हणजे जॉइनिंग नव्हे. मंगळवारी तुला शॉप दाखवतील, नाही दाखवलं तर "सर एकदा टूलरूम बघता येईल का" म्हण. बघताना तिथल्या एखाद्या पोराला हळूच विचार किती दिवस झाले इथे. तो खरं सांगतो.

---

खवचट_खविस | रविवार, रात्री ९:५५

उपमा होता का ते सांगितलंच नाही.

---

गोदाकाठचा_पक्या | रविवार, रात्री १०:१२

पोहे होते खविस काका, पण मी सहा टेबलं करेपर्यंत संपले.

मामा म्हणायलेत मंगळवारी मी स्वतः येतो सोबत, गेटबाहेर थांबतो. सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय दोघं. वाळूजकर सर, स्टेशनवरून वाळूजला सकाळी शहर बस असते का, का सिडको स्टँडला जाऊन बघावं लागंल? आणि काम झालंच तर कॉट बेसिसवर राहायला बजाजनगर बरं का वाळूजजवळचं पंढरपूर? पप्पांना पंढरपूर म्हणलं तर त्यांना वाटायलं पोरगं वारीला चाललं.

---

वाळूजकर | रविवार, रात्री १०:३०

तिथेही विठोबाचं देऊळ आहे म्हणून सांग त्यांना, आषाढीला एवढी गर्दी असते की आमची सेकंड शिफ्ट लेट होते.

रेल्वे स्टेशनपासनं बस आहे, शेअर रिक्षाही मिळते, सिडकोला उलटं जाऊ नकोस. पंढरपूरच्या तिरंगा चौकात उतर आणि मला मेसेज टाक, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय नंबर. मामांना गेटवर कशाला उभं करतोस, चहाला घेऊन जातो मी.